माशांचं शिळं पाणी

नळाचं पाणी भांड्यात पडलं की मी अजूनही आधी त्याचा वास घेते. सुना हसतात. धाकटी तर म्हणते, "आई, पाणी आहे ते, कालची भाजी नाही." तिला एकदा सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण ती घरात सगळ्यांशी मोकळेपणानं बोलते, सासऱ्याशी तर पेपरातल्या बातमीवरून वादही घालते. न बोलता एखाद्या घरात राहणं म्हणजे काय, हे तिला समजावायचं कुठून सुरू करावं तेच कळेना. म्हणून इथे लिहिते आहे.

लग्न होऊन मी नंदुरबारला आले ती साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा जिल्हा धुळ्याचा होता. माहेर तापीकाठचं, सारंगखेड्याला लागून. सासरचे लोकही मुळात शेतकरीच, धानोऱ्याकडे त्यांची जमीन होती, पण माझे सासरे शिकून हायस्कुलात विज्ञानाचे मास्तर झाले आणि शहरात राहिले. मी घरात आले त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले होते. घरात माणसं चारच. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई, त्यांना आत्याबाई. माझे यजमान, आणि मी.

म्हणायची असं लिहिलं खरं, पण मामंजींना मी 'मामंजी' अशी हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, तोंडावरचा पदर त्यांच्यासमोर वर घ्यायचा नाही, ही आमच्याकडची लाज. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून म्हणायचं, "तिला म्हणावं, साखर थोडी कमी घाल." मी दाराआड दोन हातांवर उभी. ऐकलेलं असायचंच. तरी आत्याबाई माझ्याकडे वळून तेच अहिराणीत सांगायच्या, आणि तेव्हा कुठे ते मला कळलं असं धरायचं. मामंजी घरातही शाळेतलंच मराठी बोलत, त्यामुळे आत्याबाईंच्या तोंडून आलेला निरोप जरा वेगळाच वाटायचा, पण साखरेच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नव्हतं. माहेरी मी घर डोक्यावर घेणारी होते. इथे पहिल्या वर्षात माझा आवाज मामंजींनी ऐकला तो फक्त शिंकेचा. मिरचीच्या दिवसांत ती तरी कशी आवरणार.

या घरात एक काचेची पेटी होती. पुढच्या खोलीत खिडकीपाशी, लोखंडी चौकटीत बसवलेली, हाताच्या लांबीपेक्षा थोडी मोठी. तळाला तापीची वाळू, कोपऱ्यात हिरवं पाणगवत, आणि त्यात लाल-सोनेरी मासे. मामंजींचा एक जुना विद्यार्थी मुंबईला नोकरीला होता, त्यानं ते बरणीतून रेल्वेनं आणून दिले होते. सात मासे. मी आले तेव्हा ते चांगले तीन बोटं लांब झाले होते. रोज सकाळी मामंजी पेटीपाशी स्टूल घेऊन बसायचे, चिमूटभर कणीक बोटांच्या टोकांवर घेऊन पाण्यात धरायचे, आणि मासे येऊन त्यांची बोटं चोखायचे. त्या वेळी मास्तरांचा चेहरा अगदी वेगळा दिसायचा. पदराआडूनही दिसायचा.

पण त्यांना स्वतःला मासे दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांना दिसायचे ते पाण्यात हलणारे लाल रंगाचे फराटे. वर्षभर ऑपरेशनला 'पुढच्या थंडीत, पुढच्या थंडीत' करत राहिले. त्या काळी ते ऑपरेशन म्हणजे साधी गोष्ट नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधून आठ-दहा दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, आणि एवढं करून नजर येईलच असं कुणी छातीवर हात ठेवून सांगायचं नाही. ते घाबरले होते. निवृत्त मास्तर घाबरतो तेव्हा फार नियमानं वागायला लागतो. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते हातानं चाचपून ठेवलं.

शेवटी माघ संपता संपता ते आणि माझे यजमान सकाळच्या गाडीनं सुरतेला निघाले. निघताना मामंजी पेटीपाशी उभे राहिले. यजमानांना म्हणाले, "आल्यावर पहिल्यांदा इथे येईन आणि मासे मोजीन. सात दिसले की समजेन, डोळे आले. कमी दिसले तर मग कुणी मला समजावायला येऊ नका." हे त्यांनी हसत हसत म्हटलं, पण आत्याबाईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला.

मग ते आत्याबाईंना बाजूला घेऊन काही तरी सांगत राहिले. बराच वेळ, बोटांवर मुद्दे घेत. दोघं गेल्यावर आत्याबाईंनी मला निरोप दिला.

"पोरी, मासासनं काम तुन्हाकडे. तुन्हा सासरा सांगी गयात, रोज सकाळ त्यासले ताजं पानी दे. जुनं सगळं फेकी दे. कंजूसपना करू नको."

मला त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. आमच्या घरात पाण्याचा कायदाच तो होता. सकाळी नळ आला की रात्रीचं सगळं पाणी ओतून टाकायचं, हंडे-कळश्या राख-चिंचेनं घासायच्या आणि नव्यानं भरायच्या. रात्र उलटली की पाणी शिळं. शिळं पाणी पिणं तर लांबच, दारात आलेल्या पाहुण्याच्या पायावर घालायचीही लाज वाटायची. माझ्या माहेरीही हेच होतं, फक्त नळाऐवजी नदी होती. मागच्या अंगणात मामंजींची एक दगडी डोणी होती, कायम पाण्यानं भरलेली आणि काठाला शेवाळलेली. आत्याबाईंना ती डोळ्यांत खुपायची. मामंजींची गाडी दोंडाईच्याकडे... नाही, सुरतेची गाडी उलट्या बाजूला जाते, ती नवापूरलाही पोहोचली नसेल, तोवर आम्ही दोघींनी डोणी उपसून नारळाच्या काथ्यानं घासून लख्ख केली आणि पालथी घातली. कामाला मी वाघ होते. शाबासकीही मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून माशांचं काम सुरू झालं. मासे एका पातेल्यात काढायचे, पेटीतलं पाणी उपसायचं, वाळू धुवायची, काचा पुसायच्या, आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरायचं. इतकी स्वच्छ पेटी कुणी पाहिली नसेल. मी स्वतःवर खूश होते. मामंजींनी डोळे उघडल्यावर हे चकचकीत पाणी पाहावं आणि आत्याबाईंना म्हणावं, "तिला म्हणावं, छान ठेवलंस." एवढीच माझी अपेक्षा होती. पण खरं सांगायचं तर तेवढ्या एका वाक्यासाठी मी जीव टाकत होते.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेतल्यासारखं करू लागले. मला वाटलं भूक लागली. कणीक टाकली, तिला कुणी तोंड लावेना. चौथ्या दिवशी एक मासा पोट वर करून तरंगत होता. पाचव्या दिवशी दुसरा. मी पाणी आणखी भरपूर बदललं, एकदाच्या ऐवजी दोनदा. सहाव्या दिवशी दोन गेले.

आता तीन उरले. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. मासे गेले याचं वाईट वाटत होतंच, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो माणूस तिकडे डोळ्यांना पट्टी बांधून उताणा पडलाय आणि मनात सात मोजतोय, आणि इथे मी रोज त्याला त्याच्या परीक्षेत एकेका आकड्यानं नापास करते आहे. हे विचार मनात ठेवून भाकरी थापायची म्हणजे काय ते मलाच माहीत. चिडचिड इतकी व्हायची की परातीचा आवाज शेजारी जायचा. नेमकं त्याच दुपारी सुरतेहून यजमानांचं कार्ड आलं. ऑपरेशन झालं, पट्टी चार दिवसांनी सोडतील, बाबा रोज विचारतात की मासे बरे आहेत ना. आत्याबाईंनी माझ्याकडे कार्ड दिलं, कारण सातवी पास मीच. म्हणाल्या, "लिही, घर सगळं खुशाल शे." मी लिहिलं. त्या कार्डावरचं माझं अक्षर इतकं वाकडं आलं की पुढे यजमानांनी विचारलंसुद्धा, बोट कापलं होतं का म्हणून.

सातव्या दिवशी नळ आला नाही. गावाबाहेर कुठे तरी पाइप फुटला होता. आत्याबाई बादली घेऊन शेजारच्या आडावर गेल्या. प्यायला-स्वयंपाकाला तेवढं आलं, माशांसाठी काही उरलं नाही. कालचंच पाणी पेटीत राहिलं. मी मनातून तिघांचाही निरोप घेतला.

आणि संध्याकाळी पाहते तर तिन्ही मासे खाली वाळूवर फिरतायत. पाणगवताला तोंड लावतायत. कणीक टाकली तर खाल्ली. मी तिथेच मांडी घालून बसले. ताजं पाणी दिलं तर मरतात आणि शिळ्यात जगतात, असले कसले मासे?

दुसऱ्या दिवशी नळ आला, भरून आला, पांढरट फेस घेऊन आला. हंडा उचलताना माझा चेहरा पाण्याच्या अगदी जवळ गेला आणि नाकात एक वास शिरला. मिरचीच्या दिवसांत नंदुरबारात नाक तसं कामातूनच गेलेलं असतं. गावाबाहेर मोकळ्या पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या, वारा आला की सगळं गाव एकदम खोकतं. म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण तो वास मला ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, तो लहानपणचा होता.

सारंगखेड्याच्या यात्रेत विहिरींत पावडर टाकत. लाखांनी माणसं, हजारोंनी घोडी एका ठिकाणी, पटकीची भीती, म्हणून सरकारी माणसं पांढरी पावडर घेऊन फिरत. माणसं नाक मुरडून ते पाणी पीत. घोडे मात्र पीत नसत. हजारो रुपयांचं जनावर तोंड फिरवून उभं राही, आणि मालक कासावीस. म्हणून घोडेवाले काय करत, तर विहिरीचं पाणी आदल्या दिवशी काढून मोठमोठ्या घमेल्यांत उघड्यावर ठेवत. जाता-येता एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतत. दुसऱ्या दिवशी वास गेलेला असे आणि घोडं मुकाट्यानं पाणी पिई. आमचं शेत तिथून जवळ, त्यामुळे दर वर्षी ती घमेली ओळीनं मांडलेली मी पाहिली होती. त्यांत हात बुडवून फटकेही खाल्ले होते.

पाइप जोडून झाल्यावर नळ तपासायला आलेला नगरपालिकेचा माणूस अजून कोपऱ्यावरच होता. मी आत्याबाईंना म्हटलं, त्याला विचारा टाकीत काही घालता का. त्यानं सांगितलं, "घालतस ना, मावशी. पावडर. जंतू मरतस."

जंतू मरतात आणि मासे मरतात. मला एकदम हलकं वाटलं. काय चुकतंय ते कळलं की निम्मं ओझं उतरतं, हे मी तेव्हा शिकले.

मी लगेच दोन घमेली भरली आणि मागच्या अंगणात उन्हात ठेवली. दुपारी चार वेळा एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतली. सकाळी उठून वास घेते तर काही नाही, तापीचं पाणी वाटावं इतकं साधं. पेटीसाठी तांब्या आणायला आत गेले. परत येते तर दोन्ही घमेली घासून उपडी घातलेली, आणि आत्याबाई पदराला हात पुसतायत.

"राहू देल व्हतं का वं रातभर? शिळं व्हई गयं ते. जास्वंदीले टाकी दिधं."

सासूच्या पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती सुचवायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांच्या मते तर मामंजींचाच हुकूम ताज्या पाण्याचा होता. मी त्या दिवशी पेटीला हातच लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून चोरी सुरू केली. गाईसाठी आणलेल्या सरकीची पोती एका खोलीत रचलेली असायची, त्यांच्या मागे मी एक घमेलं ठेवलं. वर फडकं, मध्ये जागा सोडून. सकाळी भरायचं, दुसऱ्या सकाळी हळूच तांब्यातांब्यानं पेटीत थोडं नवीन घालायचं, थोडं जुनं काढायचं. सगळं पाणी उपसायचं बंद केलं. चोरांनी सोनं लपवलं असेल, मी शिळं पाणी लपवलं. मासे दिसामासी नाही, पण तासातासाला सुधारत होते.

चार दिवस हे निभलं. पाचव्या दिवशी आत्याबाई स्वतः सरकी काढायला गेल्या आणि मला त्यांची हाक ऐकू आली. तशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. धावत गेले. त्या पोत्याला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढरा.

"हाई काय शे? आपला घरमा कोनी करनी करी ऱ्हायनं का?"

फडक्यानं झाकलेलं, पोत्यांमागे दडवलेलं पाण्याचं भांडं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

"करनी नही, आत्याबाई. मासासनं पानी शे. कालदिननं. ताजामा पावडर ऱ्हास, त्यानी मासा मरतस. यात्रामा घोडासले असंच ठेवतस. वास उडी जास."

मला वाटलं, आता त्या रागावणार. त्या सरकीच्या पोत्यावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुन्हा सासरानी हाईच सांगेल व्हतं."

"काय?"

"कालदिननं पानी दे, डोणीमातलं. तेबी तांब्या-दोन तांब्याच. मीच बदलं. मुका जीवले शिळं पानी कसं देवानं? मले वाटनं, त्यासना डोया अधू शेत, नळलगून जावाले जमत नही, म्हनीसन त्या शिळं वापरतस."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. चार मासे, सहा दिवसांचं रडणं, वाकड्या अक्षरातलं कार्ड, आणि मास्तरांनी बोटांवर मोजून दिलेला धडा यांनी वाटेतच दुरुस्त केला होता. दाराआड दोन हातांवर मी उभी असते, एकदा त्यांनी थेट माझ्याकडे पाहून सांगितलं असतं तर. पण त्या पोत्यावर बसलेल्या बाईकडे पाहिलं आणि राग टिकेना. त्यांनी माशांना आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं तेच दिलं होतं. मीही तेच केलं होतं. दोघींनी मिळून प्रेमानं चार जीव घेतले होते. मला हसू आलं, मग त्यांनाही आलं, आणि मग आम्ही दोघी त्या सरकीत बसून डोळे पुसत राहिलो.

त्याच दिवशी डोणी सरळ केली. आत्याबाईंनी स्वतः हंड्यानं पाणी आणून ती भरली, तोंड मात्र असं केलं होतं की जणू विष कालवतायत. एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली. "तुन्हा सासरा येतीन तव्हय तू काई बोलू नको. मुंबईना पोऱ्याले सांगूत, अजून चार मासा धाडी दे."

मामंजी आले ते सोळाव्या दिवशी, दुपारच्या गाडीनं. टांग्यातून उतरताना यजमानांनी हात धरला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यात त्यांचे डोळे मोठे, ओलसर, अनोळखी दिसत होते. उंबऱ्यावर आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाय धुतले न धुतले तोच ते सरळ पेटीपाशी गेले. आम्ही सगळे मागे. मी दाराआड, पदर हनुवटीपर्यंत.

ते वाकले. मान इकडे केली, तिकडे केली. त्या चष्म्यातून सरळ समोरचंच दिसे, बाजूचं दिसत नसे, म्हणून ते सगळं डोकं फिरवून पाहत होते. काचेवर बोट ठेवून मोजायला लागले. मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग आत्याबाईंकडे न पाहताच विचारलं, "सातही आहेत ना?"

आत्याबाई घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "शेत ना. साती शेत. गवतमा दडी जातस."

मामंजींनी तिसऱ्यांदा मोजलं. मग ते स्टुलावर बसले आणि हळूच चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला तीनच दिसतात," ते म्हणाले.

यजमान आईकडे पाहू लागले. त्यांना काय माहीत असणार. आत्याबाईंचा हात तोंडावर गेला. आणि मला दिसलं की खोलीत खरं ठाऊक असलेल्या आम्ही दोघी आहोत, त्यांतली एक खोटं बोलून बसलीय, आणि दुसरीला बोलायची परवानगी नाही. एवढ्यासाठी हा माणूस आयुष्यभर स्वतःला आंधळा समजणार.

मी दाराआडून बाहेर आले. पदर हनुवटीवरच होता, तो मी कपाळापर्यंत मागे सारला, कारण तोंड झाकून हे सांगता येईना.

"मामंजी, तीनच शेत," मी म्हटलं. "चार मरनात. मन्हामुळे मरनात. तुमले बराबर दखाई ऱ्हायनं."

पूर्ण वर्षात त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे.

त्यांनी चष्मा परत लावला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग परत माझ्याकडे. मास्तर रागावतील, निदान विचारतील तरी की चार कसे मेले, असं मला वाटलं होतं. ते पेटीकडे वळले आणि पुन्हा बोट ठेवून मोजायला लागले, या वेळी मोठ्यानं, पहिलीतल्या मुलासारखं.

"एक. दोन. तीन." आणि माझ्याकडे वळून, "तीन शेत ना?"

"तीनच."

"बराबर शे," ते म्हणाले. त्या घरात मास्तरांच्या तोंडून अहिराणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग त्यांच्या भिंगांखालून पाणी वाहायला लागलं आणि यजमान धावले, कारण डॉक्टरांनी डोळ्यांतून पाणी येऊ देऊ नका असं बजावलं होतं. पण ते हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. चार मासे मेल्याची बातमी ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी नंतर कधी पाहिला नाही.

आत्याबाई पुढे आल्या. "तिनी काय चूक शे? निरोप मी बदला. मले शिळं पानी देववनं नही." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आतेपासून तिले जे सांगानं ते तुम्हीच सांगा. मन्हा हातमा निरोप देऊ नका."

लाज राखणाऱ्या त्याच होत्या, त्यामुळे ती सोडवायचा अधिकारही त्यांचाच होता. मामंजींनी मान हलवली.

मुंबईहून नवे मासे यायला दिवाळी उजाडली. तोवर ते तीनच होते, आणि मामंजी रोज सकाळी चहाच्या आधी ते मोजायचे. मोजून झालं की खिडकीपाशी बसल्याबसल्या मला हाक मारायचे, थेट मला, मोठ्यानं.

"पोरी, पानी शिळं व्हयनं का?"

मी उत्तर देण्याआधीच मागच्या अंगणातून आत्याबाईंचा आवाज यायचा. त्या डोणीवर वाकून वास घेत असायच्या.

"व्हयनं, चांगलं शिळं व्हयनं. लई जा."